छोटी इलेक्ट्रिक गाडी नाशिकच्या रस्त्यांवर कशी पारखून घ्यावी

नाशिकमध्ये कोणाकडे नवी गाडी आली की पेढे हातात घेता घेताच पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" गाडी विजेवर चालणारी असली की मात्र हाच प्रश्न बदलतो आणि लोक "एका चार्जमध्ये किती जाते?" असे विचारू लागतात. माझ्या मते बहुतेक चुकीचे निर्णय येथूनच सुरू होतात. एका चार्जमध्ये गाडी किती जाईल हे मुख्यतः बॅटरीच्या आकारावर ठरते, जसे टाकी फुल केल्यावर पेट्रोलची गाडी किती जाईल हे टाकीच्या आकारावर ठरते. गाडीचा खरा गुण कळतो तो एका युनिटात ती किती किलोमीटर जाते यावरून. हा एक आकडा आपल्या रस्त्यावर, आपल्या चालवण्याने काढता आला की बॅटरी केवढी घ्यावी, घरी कोणता चार्जर बसवावा आणि मुंबईला जाताना कोठे थांबावे, हे पुढचे बहुतेक प्रश्न साध्या भागाकाराने सुटतात.

कागदावरचा आकडा कसा वाचावा

आपल्याकडे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातल्या म्हणून ज्या छोट्या गाड्या आल्या त्यांतल्या दोन उदाहरणादाखल घेऊ. टाटा टियागो ईव्ही सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर झाली, तेव्हा ती 19.2 आणि 24 युनिटांच्या (म्हणजे किलोवॉट-तासांच्या) दोन बॅटऱ्यांसह आली आणि त्यांची जाहीर केलेली धाव अनुक्रमे 250 आणि 315 किलोमीटर होती. 2023 मध्ये आलेल्या एमजी कॉमेटची बॅटरी 17.3 युनिटांची आणि जाहीर धाव 230 किलोमीटर होती. आता भागाकार करून पाहावा. तिन्हींचे उत्तर युनिटामागे साधारण 13 किलोमीटर येते. तीन वेगळ्या बॅटऱ्या, दोन वेगळ्या कंपन्या, एक गाडी पावणेचार मीटर लांबीची तर दुसरी तीन मीटरांपेक्षाही आखूड, आणि तरीही कागदावरचा आकडा एकच.

याचे कारण चाचणीच्या पद्धतीत आहे. आपल्या देशात ही धाव ठराविक वेग-आराखड्यानुसार, प्रयोगशाळेतील रोलरवर गाडी चालवून मोजली जाते. त्या आराखड्यातला सर्वाधिक वेग ताशी 90 किलोमीटर आहे, त्यात शहरी संथ चालीचा वाटा मोठा आहे आणि एसी बंद असतो. रोलरला ना घाट असतो, ना समोरचा वारा, ना पावसाळ्यातले खड्डे. ही फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण सर्व गाड्या एकाच मापाने मोजल्याशिवाय त्यांची तुलना होऊ शकत नाही. पण तो आकडा तुलनेसाठी आहे, प्रवासाच्या नियोजनासाठी नाही. घराबाहेर पडल्यावर अशा गाड्या युनिटामागे आठ-नऊ किलोमीटर देतात असे धरून चालावे आणि आपला नेमका आकडा स्वतः काढावा.

या गाड्या येथपर्यंत कशा आल्या

गाडीच्या घडणीचा इतिहास ग्राहकाने थोडा तरी जाणून घ्यावा, कारण आज शोरूममध्ये दिसणाऱ्या तडजोडी त्यातूनच आलेल्या आहेत. बंगळुरूत घडलेली रेवा 2001 मध्ये विक्रीला आली. तिच्यात सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या, म्हणजे आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीच्याच जातकुळीतल्या, आणि एका चार्जमध्ये ती सुमारे 80 किलोमीटर जात असे. शिशाचे वजन इतके असते की बॅटरी वाढवावी तर गाडीच जड होते आणि जड गाडीला पुन्हा मोठी बॅटरी लागते. हा फेरा लिथियमने तोडला. महिंद्राने 2010 मध्ये रेवा कंपनी ताब्यात घेतली आणि 2013 मध्ये लिथियम बॅटरीवरची ई-टू-ओ आणली. पुढे ज्या व्हेरिटोची जुळणी नाशिकच्या कारखान्यात होत असे, तिचीच विजेवरची आवृत्ती 2016 मध्ये आली. त्या काळात या गाड्या फारशा खपल्या नाहीत, पण मोटर, बॅटरी आणि त्यांना सांभाळणारे नियंत्रक यांचे शिक्षण याच गाड्यांवर झाले, हे विसरून चालणार नाही.

आजच्या छोट्या गाड्यांत बहुधा लिथियम-लोह-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी जातीची बॅटरी असते. या पदार्थाचा बॅटरीसाठी उपयोग जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधील गटाने 1997 मध्ये मांडला आणि त्या कामात अक्षय पाढी व नंजुंडस्वामी हे भारतीय संशोधक होते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. एलएफपीत निकेल आणि कोबाल्ट हे महाग धातू लागत नाहीत, ती उष्णता अधिक सोसते आणि चार्ज-डिस्चार्जचे फेरेही अधिक काढते. त्या बदल्यात तेवढ्याच विजेसाठी तिचे वजन थोडे जास्त भरते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकणाऱ्या आपल्या गावासाठी ही तडजोड योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

तिची एक खोड मात्र माहीत असावी. एलएफपी सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ बदलतच नाही. वीस टक्क्यांवर आणि सत्तर टक्क्यांवर तो सव्वातीन व्होल्टच्या आसपासच असतो. त्यामुळे बॅटरीत नेमके किती शिल्लक आहे हे गाडीला केवळ दाबावरून सांगता येत नाही, ती आत-बाहेर गेलेल्या विजेचा हिशेब ठेवून अंदाज बांधते आणि हा हिशेब हळूहळू चुकत जातो. जो सतत चाळीस-ऐंशी टक्क्यांतच गाडी फिरवतो त्याच्या पडद्यावरचा आकडा एखाद्या दिवशी अचानक घसरू शकतो. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतराने बॅटरी शंभर टक्के भरून गाडीचा हा हिशेब सुधारू द्यावा.

आपला आकडा कसा काढावा

शोरूमकडून मिळणाऱ्या पंधरा-वीस मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हवर समाधान मानू नये. अर्ध्या दिवसासाठी गाडी मागावी. मिळत नसेल तर तीच गाडी वापरणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर दोन फेऱ्या माराव्यात. निघण्यापूर्वी चारही चाकांतली हवा दरवाजाच्या खांबावर लिहिलेल्या मापाइतकी भरून घ्यावी, बॅटरी पूर्ण भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि जेथून निघालो तेथेच परत येऊन थांबावे. परत त्याच जागी येणे महत्त्वाचे आहे, कारण त्र्यंबकेश्वर नाशिकपेक्षा उंचावर आहे आणि एकाच दिशेचे मोजमाप केले तर चढ किंवा उतार आपल्या आकड्यात मिसळून जातो. वाऱ्याचेही तसेच.

दोन फेऱ्या वेगवेगळ्या कराव्यात. पहिली शहरातली, दाटीच्या वेळेची: सातपूरहून सीबीएस, मुंबई नाका, द्वारका करीत नाशिकरोड आणि परत. दुसरी मोकळ्या रस्त्याची: त्र्यंबकेश्वर किंवा सिन्नर, वेग ताशी 70 च्या आसपास ठेवून. प्रत्येक फेरीनंतर गाडी पुन्हा पूर्ण भरावी आणि किती युनिटे लागली ते भिंतीवरच्या मीटरवर पाहावे. गाडीच्या पडद्यावर दिसतो तो बॅटरीतून गेलेल्या विजेचा आकडा. भरताना चार्जरमध्ये आणि बॅटरीत जी वीज उष्णतेच्या रूपाने जाते ती त्यात धरलेली नसते. हा फरक दहा ते पंधरा टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि बिल मात्र भिंतीवरच्या मीटरचे येते. म्हणून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत: प्रवासाच्या नियोजनासाठी गाडीचा, खर्चाच्या हिशेबासाठी भिंतीवरचा.

पहिल्या फेरीत बऱ्याच जणांना एक गोष्ट चकित करते. पेट्रोलच्या गाडीचे ॲव्हरेज शहरात पडते, इलेक्ट्रिक गाडीचे मात्र शहरात चांगले राहते, कारण प्रत्येक सिग्नलला वेग कमी करताना मोटरच जनित्र होते आणि काही वीज बॅटरीत परत भरते. उन्हाळ्यातली कोंडी मात्र याला अपवाद आहे. एसी अंतरावर नव्हे, वेळेवर वीज खातो. भर दुपारी तो तासाला सुमारे एक युनिट घेतो असे धरले, तर मोकळ्या रस्त्यावर सत्तर किलोमीटरमागे एक युनिट जाईल. द्वारकेच्या कोंडीत ताशी पंधराच्या चालीने सरकताना मात्र तेच युनिट पंधरा किलोमीटरमध्ये संपेल. आपली दाटी आणि आपला उन्हाळा लक्षात घेऊन ही फेरी मुद्दाम दुपारी, एसी लावूनच करावी.

महामार्गावर वेगाचा हिशेब वेगळा असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 80 ऐवजी 100 च्या वेगाने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. समृद्धी महामार्गावर कारसाठी वेगमर्यादा 120 आहे म्हणून छोटी गाडी तेथे त्या वेगाला नेऊ नये. जी गाडी 75 च्या वेगाने युनिटामागे नऊ किलोमीटर देते तीच तेथे फार लवकर बॅटरी रिकामी करेल.

कसारा घाट: गाडीची खरी परीक्षा

इगतपुरी ते कसारा हा टप्पा नाशिककरांच्या अंगवळणी पडलेला आहे. कसाऱ्याहून वर येताना रेल्वेगाडीला मागून बँकर इंजिने लावतात, तो धक्का डब्यात बसल्या बसल्या जाणवतो आणि मग गाडी बोगद्यांमागून बोगदे ओलांडत वर चढते. रेल्वेला तेथे 37 मीटरमागे एक मीटर चढ आहे आणि दोन स्थानकांच्या उंचीत सुमारे 300 मीटरांचा फरक आहे. हाच फरक आपल्या गाडीलाही चुकवता येत नाही. 2025 मध्ये सुरू झालेल्या समृद्धीच्या शेवटच्या टप्प्यातील आठ किलोमीटरांच्या बोगद्याने वळणे वाचवली आहेत, उंची वाचवलेली नाही.

हिशेब सोपा आहे. माणसांसह 1300 किलोची गाडी 300 मीटर वर न्यायला साधारण एक युनिट ऊर्जा लागते. मोटर आणि नियंत्रकातली गळती धरली तर सव्वा युनिट. हे सपाट रस्त्यावर लागणाऱ्या विजेच्या वर. दहा किलोमीटरांचा चढाचा रस्ता धरला तर सपाटीवरचे सव्वा युनिट आणि चढाचे सव्वा युनिट मिळून अडीच युनिटे होतात. म्हणजे 24 युनिटांच्या बॅटरीतले दहा टक्के दहा किलोमीटरांत जातात. पहिल्यांदा घाट चढणाऱ्याचा जीव हा आकडा भरभर उतरताना पाहून खालीवर होतो. तो होऊ देऊ नये. वर आल्यावर घसरण थांबते.

मुंबई जवळजवळ समुद्रसपाटीला आणि नाशिक सुमारे 600 मीटरांवर, म्हणून येताना एकंदर अडीच युनिटे जादा लागतात आणि जाताना तेवढीच नाही तरी बरीचशी वाचतात. नाशिक-मुंबई अंतर 165 ते 170 किलोमीटर आहे. युनिटामागे आठ किलोमीटर देणारी 24 युनिटांची गाडी बॅटरीत पंधरा टक्के शिल्लक ठेवून सपाटीवर सुमारे 163 किलोमीटर जाईल. जाताना उताराच्या बळावर ती मुंबई गाठेलही, पण येताना त्याच हिशेबात वीस-पंचवीस किलोमीटर कमी पडतील. म्हणून परतीला घाटाच्या पायथ्यापूर्वी, शहापूरच्या परिसरात थांबून चार्ज करण्याचे आधीच ठरवावे आणि ठरवलेल्या जागेशिवाय आणखी एक जागा हाताशी ठेवावी.

ताकदीची काळजी मात्र आजच्या गाड्यांबाबत करू नये. शंभर मीटरला पाच मीटर चढ असलेल्या रस्त्यावर ताशी 50 चा वेग राखायला अशा गाडीला चाकांपाशी सुमारे बारा किलोवॉट पुरतात. टियागो ईव्हीची मोठ्या बॅटरीची मोटर 55 किलोवॉटची आहे आणि शून्यापासून 60 चा वेग ती 5.7 सेकंदांत घेते असे कंपनीने जाहीर केले आहे. मोटरचा जोर पहिल्या फेऱ्यापासून मिळतो, गिअर पाडावा लागत नाही, आणि वळणावर मालमोटारीच्या मागे अडकून पुन्हा निघताना गाडी दम टाकत नाही. ई-टू-ओची मोटर 19 किलोवॉटची होती, हे आठवले की दहा वर्षांत केवढा पल्ला गाठला ते कळते.

उतरताना ब्रेकचा वापर कमी करून मोटरच्या रोधनावर गाडी उतरवावी. त्याची पातळी बहुतेक गाड्यांत कमी-जास्त करता येते; घाटात ती सर्वांत वर ठेवावी. खाली पोचेपर्यंत टक्के एक-दोनने वाढलेले दिसतात. पण बॅटरी गच्च भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते आणि मोटरचे रोधन ढिले पडते. नाशिकहून निघून इगतपुरीपर्यंत सुमारे 45 किलोमीटर जातात, त्यामुळे कसाऱ्याला ही अडचण येत नाही. वणीच्या सप्तशृंग गडावर मुक्कामी बॅटरी शंभर टक्के भरून सकाळी थेट नांदुरीकडे उतरणाऱ्याला मात्र ती नक्की येते. गडावर भरायचीच असेल तर ऐंशी टक्क्यांवर थांबावे. थंडीतही बॅटरी गार असताना हे रोधन कमी मिळते, हे निफाडच्या बाजूला पहाटे गाडी काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

घरचे चार्जिंग

येथे मी माझीच चूक सांगतो. गाडी आली तेव्हा पार्किंगमध्ये पंधरा अँपिअरचे सॉकेट आधीपासून होते, त्यावर पाण्याची मोटर चालत असे, म्हणून तेच वापरले. तिसऱ्या आठवड्यात सकाळी प्लग काढताना तो बोटांना चटका देण्याइतका गरम लागला. सॉकेटचे तोंड पाहिले तर न्यूट्रलच्या छिद्राभोवती तपकिरी कडे पडले होते आणि प्लॅस्टिक किंचित फुगले होते. वायरमनने पत्रा उघडल्यावर आतला स्क्रू दोन आटे सैल निघाला आणि त्याखालची तार काळी पडलेली होती.

कारण समजून घ्यावे. 3.3 किलोवॉटचा चार्जर चौदा अँपिअरहून अधिक प्रवाह घेतो. मोठा गिझर जवळपास तेवढा प्रवाह घेतो, पण पंधरा-वीस मिनिटे. गाडी तो प्रवाह सलग आठ-नऊ तास घेते आणि सैल जोडाला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. म्हणून मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र तार टाकावी, ती किमान चार चौरस मिलिमीटर तांब्याची असावी, तिला स्वतंत्र एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर गेल्यास वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागल्यास ती तोडणारा स्विच) असावा, आणि अर्थिंग वायरमनकडून मापकाने तपासून घ्यावे. अर्थिंग नीट नसेल तर अनेक गाड्या चार्जच होत नाहीत आणि दोष गाडीचा समजून लोक सर्व्हिस सेंटरला खेटे घालतात. पहिले पंधरा दिवस चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने प्लगवर हात ठेवून पाहावा. कोमट चालेल, गरम चालणार नाही.

7.2 किलोवॉटचा चार्जर घ्यायचा असेल तर सुमारे 32 अँपिअर लागतात. तेव्हा महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार पाहून तो आधी वाढवून घ्यावा. सोसायटीत राहणाऱ्यांनी केबल कोणत्या भिंतीवरून जाईल याच्या आराखड्यासह लेखी अर्ज द्यावा; तोंडी परवानगीवर टाकलेली केबल समिती बदलली की वादाचे कारण होते.

खर्च काढताना बिलातला सरासरी दर धरू नये. घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांनी चढतो. महिन्याला 900 किलोमीटर चालणारी गाडी, भरतानाची गळती धरून, सुमारे सव्वाशे युनिटे खाते. ज्या घरात 180 युनिटे जळत होती तेथे बिल 305 वर जाते, म्हणजे गाडीची वीज वरच्या टप्प्यांच्या दराने पडते. त्या टप्प्यांचा दर करांसह घेऊन त्याला आपल्या भिंतीवरच्या आकड्याने भागावे. समजा दर बारा रुपये आणि आकडा सव्वासात, तर किलोमीटरला एक रुपया पासष्ट पैसे. पेट्रोलच्या गाडीशी तुलना करायची तर ती याच आकड्याने करावी. किमतीची तुलना करताना इलेक्ट्रिक गाडीवर 5 टक्के आणि छोट्या पेट्रोल गाडीवर सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के जीएसटी आहे, हेही धरावे.

बॅटरी केवढी घ्यावी

ज्यांची रोजची धाव अंबड किंवा सातपूरची नोकरी, मुलांची शाळा आणि कॉलेज रोडची खरेदी मिळून चाळीस किलोमीटर आहे, त्यांना रोज पाच युनिटे लागतात. लहान बॅटरी त्यांना तीन दिवस पुरते. मोठ्या बॅटरीचे जादा पैसे आणि जादा वजन त्यांनी उगाच वाहू नये. महिन्यातून दोनदा मुंबई किंवा पुणे असेल तर मोठी बॅटरी घ्यावी आणि गाडीला डीसी जलद चार्जिंग आहे याची खात्री करूनच पैसे भरावेत. 2023 च्या कॉमेटला ती सोय नव्हती; शहरासाठी घडवलेल्या गाडीत हा निर्णय समजण्यासारखा आहे, पण घाट ओलांडणाऱ्याला तो अडचणीत आणेल. स्टेपनी आहे की केवळ पंक्चर किट, हेही विचारावे.

शेवटी बॅटरीच्या हमीचा कागद पूर्ण वाचावा. आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर अशी हमी असली, तरी क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळेल, ती क्षमता कोण आणि कशी मोजणार, आणि गाडी दुसऱ्याला विकल्यास हमी त्याच्याकडे जाते का, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. गाडी ताब्यात आल्यावर पहिल्या महिन्यात वर सांगितलेल्या दोन फेऱ्या पुन्हा करून ते आकडे तारखेसह वहीत लिहावेत आणि दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच रस्त्यांवर मोजावेत. चौथ्या वर्षी बॅटरी उतरल्याची शंका आली तर सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर ठेवायला हीच वही उपयोगी पडेल.